परातीतले किडे

मैंदर्गीच्या आठवडी बाजारात दाढदुखीवर इलाज करणाऱ्या रुद्रप्पाभोवती ही गर्दी! पाण्याची परात, तिच्यात विटेवर तापलेलं लोखंड, त्यावर तेलात भिजवलेलं बी, वर पालथी करवंटी आणि करवंटीला बसवलेली नळी रोग्याच्या तोंडात. धूर निघाला की पाण्यात पांढरे, वाकडे किडे तरंगायचे.

"बघा, दाढंतला किडा! गुरूची कृपा हाय. डाक्टर नको, औषध नको, ब्रश तर मुळीच नको. ब्रशानं किडा खवळतो!" काय जीभ होती मेल्याची!

शाळेत विज्ञान शिकवणारी ऋतुजा दातओठ खात ऐकत होती. तीन महिन्यांपूर्वी तिची आई नागूबाई याच परातीपुढं बसली होती. दाढ दोन दिवस दुखायची थांबली. "अकरा किडे निघाले की गं!" म्हणत तिनं लेकीनं आणलेला ब्रश फेकला अन् पुन्हा मिश्री लावायला लागली. आत पू साठतच होता. गळा सुजून श्वास कोंडला तेव्हा सोलापूरला नेलं. जीव वाचला, पण जबड्याचं सडलेलं हाड काढावं लागलं. "आधी आणलं असतं तर दाढ भरून भागलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते ऐकून ऋतुजा जिन्यात बसून रडली होती.

आज ती आईला घेऊनच आली होती. पण परातीपुढं ऋतुजा स्वतःच बसली.

"मामा, माझे काढा."

रुद्रप्पानं नळी दिली. धूर आला तशी तिनं नळी तोंडात न घालता वर हवेत धरली.

"अगं, गुरूचा कोप हुईल!"

"होऊ दे की!"

पाण्यात टपाटप किडे पडले. तिनं परात उचलून लोकांपुढं धरली. "नऊ हायत. कुणाच्या दाढंतले? हवेला दाढ असते व्हय? हे बांधावरच्या रिंगणीचं बी हाय. तापलं की फुटतं, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. याला किडा म्हणतो हा!"

रुद्रप्पा गठुडं आवळून पसार झाला. तेवढ्यात एक म्हातारी पुढं सरकली.

"पोरी, तुला बी येतंय की. मग माझे तूच काढ."

ऋतुजानं कपाळाला हात लावला. मग नागूबाईनंच तोंडावरचा पदर काढला. अर्धा गाल आत बसलेला.

"किडा नव्हताच, बाई," ती बोबडं बोलली. "फटीत अडकलेलं अन्न कुजत हुतं. रोज दोन येळा दात घास, फटीतनं दोरा फिरव, लेक घसा फोडून सांगत हुती. माझं डोकं कुटं गेलं हुतं कुणास ठाऊक. आता मला भाकरी चावता येत न्हाय. तुमाला येतीय न्हवं? मग घरला जावा अन् दात घासा."