वेशीवरून परतलेली चादर

“मोकळं कापड कुनाला देऊ नये बाई. घडीत चिमूटभर तांदूळ टाकावं, एक हळकुंड ठेवावं, मग हात पुढं करावा.”

शिवबाईंना हे त्यांच्या आईने सांगितले होते. आई जाऊन तीस वर्षे झाली. तरी कुणाला कापड द्यायचे असले की शिवबाई हे तोंडातल्या तोंडात म्हणतात आणि तसेच करतात. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झाले.

मी सोलापूरची एक जुनी चादर आहे, मित्रांनो. काठ हिरवा, मध्ये तांबडी फुले. तिप्पण्णा विणकरांनी मला यंत्रमागावरून उतरवले, कडेचे दोरे खुडले आणि म्हणाले, “ही लई वर्षं जाईल.” शिवबाई त्याच कारखान्यात चादरींच्या कडा शिवायच्या. त्यांनी मला घरी नेले. त्यांची दोन नातवंडे माझ्यात गुंडाळून वाढली. धुऊन धुऊन मी मऊ झाले. शेजारणी हात फिरवून म्हणायच्या, “लोण्यावानी झालीय गं!” तेव्हा मला बरे वाटायचे. आता तसे काही वाटत नाही. वाटायचे, एवढे आठवते.

गेल्याच्या गेल्या मार्गशीर्षात शिवबाईंनी टीव्हीवर गाझामधली लेकरे पाहिली. फाटके तंबू, खाली चिखल, आणि अंगावर काही नाही. दुसऱ्या दिवशी भजनानंतर त्यांनी बायकांसमोर विषय काढला. मदत गोळा करणारी एक संस्था नवी पेठेत कपडे घेत होती.

मायाक्का फटकन म्हणाल्या, “का गं, हितली गोरगरीब संपली व्हय, म्हणून समुद्रापल्याड निघालीस?”

“हितल्यांना द्यायला कोन आडवतंय? चल, आत्ता देऊ,” शिवबाई हळूच म्हणाल्या. “तितं आडवत्यात गं.”

“मग नवी कोरी दे की. जुनी कशाला?”

“नव्या चादरीची खळ लेकराला टोचती.”

बायका हसल्या, पण चादरी आल्या. चाळीस घरांतून चाळीस, त्यांत शिवबाईंच्या घरची मी, धुतलेल्या, मऊ. शिवबाईंनी प्रत्येकीला शब्द दिला, “पोचली तरी सांगीन, न्हाय पोचली तरी तुज्या दारात यिऊन सांगीन.” आणि देवापुढे नेम धरला, की चादरी पोचल्याचे कळेपर्यंत आपण पांघरूण घ्यायचे नाही.

मग त्यांनी चाळीस घड्या घातल्या. प्रत्येक घडीत तांदूळ, प्रत्येक घडीत हळकुंड.

पुढचे मला सलग आठवत नाही. गठ्ठ्यात मी मधोमध होते. ट्रक, बोट, गोदाम. मग दुसरे गोदाम. तिथे औषधांची खोकी होती, पिठाची पोती होती, तंबूही होते. सगळी वाट बघत होती. कितीतरी महिने कुणी कुणाशी बोलले नाही.

एक दिवस गाझाच्या वेशीवरच्या तपासणीत गठ्ठा उघडला. हातमोजा घातलेल्या हाताने मला झटकले. तांदूळ फरशीवर सांडले, हळकुंड घरंगळत गेले. तो हात रागावलेला नव्हता. स्वच्छ, शांत हात होता. त्याने कागदावर काहीतरी लिहिले आणि आम्हां चाळीसजणींना एका बाजूला सारले. पलीकडे तंबू दिसत होते. तुमच्या शाळेचे पटांगण असते ना, तेवढ्याच अंतरावर.

या पौषात आम्ही सोलापूरला परत आलो. शिवबाईंची सून अंकिता शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. तिने गठ्ठ्यावरचा इंग्रजी कागद वाचला आणि घडी करून बाजूला ठेवला.

“काय लिवलंय?”

“काही नाही, आत्या.”

“वाच की.”

“यादीत नसलेलं धान्य सापडलं. म्हणून परत.”

शिवबाई खाली बसल्या. म्हणाल्या, “माज्या तांदळानं आडलं व्हय गं?”

“आत्या, तांदूळ नसते तर दुसरं काही निघालं असतं. तंबूचे खांबसुद्धा अडवतात म्हणे. जगाची मोठी पंचायत आहे ना, तिथं ठराव आला होता. लढाई थांबवा, मदत आत जाऊ द्या. पंधरांपैकी चौदा देश हो म्हणाले. अमेरिका एकटी नको म्हणाली. ठराव पडला.”

“चौदा व्हय म्हनत्यात, तर एकाचं खरं?”

“पाच देशांना तसा हक्क आहे. महायुद्ध जिंकलं, तेव्हा ठेवला त्यांनी.”

“म्हंजी पळी ज्याच्या हातात, पयलं ताट त्याचं. आन् लढाईला सामान कोन देतंय?”

“अडवणाऱ्यांना तेच देतात. बाकीचे गोरे देशही देतात. आणि वर औषधाला देणगीही देतात. दुसरीकडं लढाई झाली तेव्हा हेच सगळ्यांना कायदा वाचून दाखवत होते.”

शिवबाईंना खोकल्याची उबळ आली. दोन हिवाळे त्या उघड्या निजल्या होत्या. अंकिताने मला उचलून त्यांच्या खांद्यावर टाकले. “आता तरी घ्या अंगावर. परत आली ना!”

“परत आली. पोचली कुटं?” त्यांनी मला काढून ठेवले.

मित्रांनो, चादर फाटली तर ठिगळ लावता येते, विटली तरी ऊब देते. पण घडीत पडून राहिलेली चादर हळूहळू विसरते, आपण कशासाठी आहोत ते. माणसांच्या मोठमोठ्या पंचायतींचेही तसेच होत असेल. तुम्ही मोठे व्हाल. कुणी तुमच्या हाती नको म्हणायचा हक्क देईल. तो वापरण्याआधी, ज्याला नको म्हणणार आहात, त्याच्या दारात एकदा जाऊन उभे राहा. एवढेच मागते.

दुसऱ्या दिवशी शिवबाईंनी पूजा उरकली आणि मायाक्कांची चादर वेगळी काढली.

“मी जाऊन देते, आत्या,” अंकिता म्हणाली. “तांदळाचं कशाला सांगायचं? कोण विचारतंय?”

“कुनी इचारत न्हाय, म्हणून तर सांगायचं.”

त्यांनी चादर काखेत घेतली, पायात चपला सरकवल्या आणि एकोणचाळीस दारांतल्या पहिल्या दाराकडे निघाल्या.