बोडीतला थोरला, शाळेतला धाकटा

गुरुवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मला पाण्याखालून वर काढण्यात आलं. पाऊस सुरू होता. मंगरूभाऊंनी माझ्या पोटातले अकरा दगड एकेक करून बाहेर काढले. मग सहा जणांनी दोर लावून मला बोडीच्या पाळीवर ओढलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तिच्या तळाशी मी दोन वर्षं दोन महिने पडून होतो.

मित्रांनो, मी डोंगा आहे, म्हणजे नाव. एका लाकडातून कोरलेला आणि आता बराच जुना झालेला. वेळा मला कळत नाहीत. इथे सांगितल्या आहेत त्या विनोद गुरुजींच्या घड्याळातल्या आहेत.

गडचिरोलीच्या जंगलात एका वादळात ऐनाचं मोठं झाड पडलं. वनरक्षकाने त्याच्यावर हातोड्याचा शिक्का मारला आणि मंगरूभाऊंच्या वडिलांना ते मिळालं. खोड इतकं लांब होतं की त्यातून दोन डोंगे निघाले. बुंध्याकडचा मी, शेंड्याकडचा माझा भाऊ. कुऱ्हाड आणि वासला चालवून बापलेकांनी आम्हाला तीन महिन्यांत कोरलं. गाव मला थोरला म्हणू लागलं आणि त्याला धाकटा. शिक्का माझ्या वाट्याला आला. तो अजून बुडाशी आहे.

मंगरूभाऊ नावाडी झाले आणि आम्ही पोटफोडी नदीवर काम केलं. ती पुढे वैनगंगेला मिळते. एकटा डोंगा अरुंद असतो, जास्त ओझं घातलं की कलंडतो. म्हणून जड सामान असलं की आम्हा दोघांवर दोन बांबू आडवे टाकून बांधत. अशा जोडीवरून खाटा गेल्या, धानाची पोती गेली, एकदा नवरदेवाची मोटारसायकल गेली. उन्हाळ्यात काम नसे. तेव्हा मंगरूभाऊ आमच्यात दगड भरून आम्हाला बोडीत बुडवत. डोंग्याचं लाकूड कोरडं पडलं की तडकतं. पाण्याखाली ते शाबूत राहतं.

मग नदीवर पूल झाला आणि आम्हाला वर काढायला कोणी आलं नाही.

धाकट्यासाठी मात्र विनोद गुरुजी आले. ते शाळेत नवीन होते. एवढी जुनी नाव चिखलात कुजते आहे, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी मुलांना घेऊन त्याला काढलं, सिमेंटच्या दोन खांबांवर ठेवलं, निळा ऑइलपेंट दिला आणि पाटी लावली, 'आमच्या गावची नाव'. माझ्यासाठी खांब उरले नाहीत. शाळा बोडीला लागूनच आहे. पंधरा ऑगस्टला त्याला हार घालत, तेव्हा टाळ्या मला पाण्याखाली ऐकू येत. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटायचं.

आता गुरुवारचं. रंभाबाई या गावची लेक. त्यांचं सासर वैनगंगेच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. गेल्या आठवड्यात त्यांचे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवायची कोवळी रोपं, पुरात वाहून गेले. माहेरी पऱ्हे जास्तीचे होते, म्हणून त्या मंगळवारी आल्या. बुधवारी दिवसभर वहिनीसोबत पऱ्हे उपटून पेंढ्या बांधल्या. बुधवारी संध्याकाळी पूल बुडाला. उपटलेले पऱ्हे दोन दिवस तग धरतात, तिसऱ्या दिवशी पिवळे पडतात. रंभाबाईंकडे शुक्रवारपर्यंतची मुदत होती. शुक्रवारी रोवणा झाला नाही तर यंदा धान नाही.

पेंढ्या दोनशे चाळीस होत्या. त्यांना जोडी लागणार होती.

धाकट्याला खांबांवरून उतरवलं. मंगरूभाऊंनी त्याच्या बुडाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"गुरुजी, हे पाहा. चिरीत बोट जाते."

"रंग तर मी दरवर्षी देत होतो, भाऊ."

"रंग देल्ला. पाणी काऊन नाई पाजलं?"

"मला वाटलं, सुकं राहिलं तर टिकेल."

"घराचं लाकूड टिकते तसं. हे तं म्हशीले उन्हात बांधून शिंगं रंगवल्यावानी झालं."

रंभाबाई हसल्या. गुरुजी हसले नाहीत. ते शाळेत गेले आणि सतरंजीचा काठ फाडून घेऊन आले. त्या पट्ट्या डांबरात भिजवून मंगरूभाऊंनी चिरीत ठोकल्या.

"संगमापर्यंत टिकन," ते म्हणाले. "पुढचं पुढी पाहू."

"मी पण येतो," गुरुजी म्हणाले. "पाणी उपसायला माणूस लागेलच."

"या. पण पोहता येते का?"

"येतं."

"मग ट्यूब मले द्या," असं म्हणून मंगरूभाऊंनी ट्रकची फुगवलेली ट्यूब उचलली, आणि ती रंभाबाईंच्या कमरेला बांधली.

आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही सुटलो. गुरुजींच्या मोबाइलवर निरोप आला होता. वरच्या धरणाची दारं उघडली होती आणि ते पाणी संध्याकाळी पाचच्या सुमारास इथे पोचणार होतं. त्याआधी पलीकडे जायचं होतं.

दोन वर्षांनी पाण्यावर आलो, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. पाणी लाल होतं. त्यात फांद्या होत्या, एक कोंबड्यांचं खुराडं होतं, कुठून तरी सुटलेलं फाटक होतं. पाऊस थांबे आणि लगेच सुरू होई. तो फक्त पऱ्ह्यांना मानवत होता. गुरुजी दर पाच मिनिटांनी मोबाइल काढत, पुसत आणि पुन्हा पिशवीत घालत.

साडेनऊला मंगरूभाऊंनी बांबू खाली सोडला. चार हातांवर तो टणकन आपटला.

"पूल हाये खाली," ते म्हणाले. "ज्यानं याले बोडीत बसवलं, थोच."

त्या पुलावरून मी पहिल्यांदाच गेलो.

संगम बारा वाजून चाळीस मिनिटांनी आला. वैनगंगेचं पाणी आडवं येऊन धडकलं आणि सतरंजीच्या दोन पट्ट्या निघून गेल्या. आडव्या बांबूंमधून मला धाकट्याचं वजन कळतं. ते वाढत होतं. गुरुजी शाळेच्या बादलीने पाणी उपसत होते, पण ते बाहेर टाकतील त्याच्या दुप्पट आत येत होतं.

"पेंढ्या थोरल्यात टाका," मंगरूभाऊ म्हणाले. "बुंध्याचा हाये, घेते थो."

गुरुजींनी चाळीसेक पेंढ्या माझ्यात फेकल्या. पाणी माझ्या काठापासून चार बोटांवर आलं. आणखी घेणं शक्य नव्हतं. धाकटा बुडाला असता तर बांबूंसकट मीही गेलो असतो.

तेव्हा रंभाबाईंनी एक पेंढी उचलली. तिच्या मुळांना घरच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या खाचरातला, चिकट काळा चिखल होता. त्यांनी ती मुळांकडून चिरीत कोंबली. मग दुसरी. मग तिसरी.

"बाई, पऱ्हे पाण्यात घालून राह्यली का?" मंगरूभाऊंनी वल्हं न थांबवता विचारलं.

"आठ पेंढ्या जातीन तं जाऊ द्या, भाऊ. बाकीच्या तं पोचतीन." आठवी कोंबून त्या वरती मांडी घालून बसल्या. "आता मले कोणी उठवू नका."

"पाय सुन्न होतील, ताई," गुरुजी म्हणाले.

"पाय माहे हायेत. तुम्ही पाणी काढा."

तीन तास त्या उठल्या नाहीत. काठाकाठाने खाली जाऊन, पात्र जिथे रुंद आणि संथ होतं तिथे मंगरूभाऊंनी आम्हाला आडवं घातलं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी पलीकडचा काठ लागला. दोनशे बत्तीस पेंढ्या उतरल्या. रंभाबाईंना काठावर वाट पाहत असलेल्या दोघी जावांनी धरून उतरवलं, कारण त्यांना उभं राहता येत नव्हतं.

चीर आता दोन बोटं रुंद झाली होती.

मंगरूभाऊ परत निघाले नाहीत. वरून पाणी येत होतं आणि एकट्याने वैनगंगा कापायचं माझं वय नाही. त्यांनी बायकांना दोर दिला. सगळ्यांनी मिळून धाकट्याला रंभाबाईंच्या बांधावरच्या बोडीपर्यंत ओढत नेलं आणि पाण्यात लोटलं. गुरुजींनी दगड आणून दिले. शेवटचा दगड त्यांनी स्वतः ठेवला. निळा रंग हळूहळू दिसेनासा झाला.

"भाऊ, बुजेल का चीर?"

"लाकडाले विचारा. मले नाई मालूम."

"किती दिवस ठेवायचं?"

"इतके दिवस सुकवलं, त्याचा तं हिशेब नाई ठेवला. आता घाई कायची हाये?"

मित्रांनो, गुरुजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी धाकट्याला जपलं, फक्त तो कशावर जगतो ते विचारलं नाही. विचारायला मंगरूभाऊ शाळेपासून तीन घरांवर होते. तुम्ही एखादी जुनी वस्तू उचलून उन्हात मांडाल, तिला रंग द्याल, हार घालाल, तेव्हा आधी ती वापरलेल्या माणसाला गाठा. माझं मागणं एवढंच आहे. मला मात्र कोणी विसरलं म्हणून मी वाचलो, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

पाणी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी आलं. शुक्रवारी वरच्या तीन बांध्यांत रोवणा झाला. पऱ्हे शिल्लक होते, म्हणून शेवटच्या खालच्या बांधीतही संध्याकाळपर्यंत रोवले. शनिवारी पहाटे ती बांधी पाण्याखाली गेली.

मी पळसाखाली पालथा आहे. रोज दुपारी मंगरूभाऊ माझ्यावर ओलं गवत टाकतात. रस्ता सुरू होईपर्यंत गुरुजीही इथेच आहेत. मंगळवारी सकाळी ते गळ्यापर्यंत बोडीत उतरले आणि त्यांनी श्वास रोखून चिरीत हात घातला. दोन बोटं जात होती, तिथे आता दीड जातं. खालच्या बांधीतलं पाणी अजून उतरलेलं नाही.