पासावरचा चेहरा

"हे पुसा," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी ओल्या रंगावर बोट टेकवलं.

चित्रकार बाई मागच्या कपाटात चिंध्या शोधत होत्या. त्या वळेपर्यंत उशीर झाला होता. चित्रातल्या बाईच्या वरच्या ओठावर खळगा पडला होता आणि तपासनिसांच्या बोटाला गुलाबी रंग लागला होता.

"अहो काका, हात नका लावू! तेलरंग आहे तो. दिवसचे दिवस वाळत नाही."

"नाही वाळला तेच बरं. पुसायला सोपं जाईल. हे तोंड हिचं नाही."

सून दाराशीच थांबली होती. सासरे ओरडले की पायातली चप्पल सावकाश काढायची, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

तपासनीस बस खात्यात तिकिटं तपासायचे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी इमारतीत, बाजारात, नातेवाइकांत त्यांना त्याच नावाने ओळखत. धावत्या बसमध्ये एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्या हाताने पास उलटा-सुलटा करायचा, एकदा फोटोकडे बघायचं, एकदा माणसाकडे. थोरल्याच्या पासावर फिरणारा धाकटा, मावशीच्या पासावर बसलेली भाची, दाढी वाढवून भलत्याचाच पास दाखवणारे, असे किती जण त्यांनी उतरवले होते. दाढीला ते कधी फसले नाहीत. माणूस कानावरून, हनुवटीवरून ओळखायचा असतो, असं ते सांगत.

आणि आता कोणीतरी त्यांच्याच बायकोच्या जागी दुसरी बाई बसवली होती.

"मी तुम्हाला फोटो दिला होता की नव्हता?" त्यांनी विचारलं.

"दिला होता."

"त्यात ही हसतेय?"

"नाही."

"मग?"

फोटो चित्राच्या चौकटीला चिमट्याने लावलेला होता. कर्मचाऱ्याच्या बायकोला मिळणाऱ्या पासासाठी काढलेला. तपासनीस स्वतः तिला फोटोवाल्याकडे घेऊन गेले होते आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून "सरळ बघ, हलू नकोस" म्हणाले होते. ती सरळ बघत होती. ओठ मिटलेले. हॉलमध्ये आईचं हाताने काढलेलं चित्र हवं, हा हट्ट मुलाचा. पण चित्र कशावरून काढायचं, हे ठरवण्याचा मान त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"बसा तरी," बाई म्हणाल्या. "चहा सांगू?"

"चहा प्यायला आलो नाही मी."

बाई काही रागावल्या नाहीत. चेहरे काढणाऱ्याला राग परवडत नाही. कोणाला आपलं नाक मोठं वाटतं, कोणाला नवऱ्याचं पोट. खोलीच्या एका भिंतीवर त्यांनी जुन्या चित्रांच्या छापील प्रती ओळीने लावल्या होत्या. गिऱ्हाईक तापलं की त्या त्याला भिंतीशी नेत. तेवढ्यात ते थोडं निवायचं.

"हे बघा काका. सगळ्यात जुने हे, राजे लोक. एका बाजूने काढलेले, नाण्यावर असतात तसे. चेहरा कमी आणि मुकुट जास्त. मग हे व्यापारी. पैसा आला, मग त्यांनाही वाटलं, आपलं का नसावं चित्र? अंगठ्या बघा, एकही बोट रिकामं नाही. आणि ही पोरगी. हिचं चित्र स्थळ म्हणून परदेशी पाठवलं होतं. पूर्वी चित्रकारालाच धाडायचे, मुलगी बघून काढून आण म्हणून."

"आणि तो गोरी काढून आणायचा."

"बहुतेक वेळा."

"म्हणजे तुमच्या धंद्यातली लबाडी जुनीच आहे."

बाई हसल्या. "जुनी आहे खरी. पण यात हसणारं कोणी दिसतंय का तुम्हाला?"

तपासनिसांनी नाइलाजाने बघितलं. राजे गंभीर होते. व्यापारी गंभीर होते. स्थळ म्हणून पाठवलेली पोरगी तर रडायच्या बेतात होती.

"तासन्‌तास बसावं लागायचं चित्रकारासमोर. तेवढा वेळ हसू टिकत नाही, गाल दुखतात. शिवाय दात कोणाचे धड होते तेव्हा? चारचौघांत दात दाखवले तर लोक म्हणायचे, प्यायलाय किंवा वेडा आहे. दात दाखवून काढायचे ते दारुड्यांना, पोरांना, भांडी घासणाऱ्या बायकांना. मोठ्या लोकांना नाही. मग कॅमेरा आला. आधी त्यातही लोक खांबासारखे ताठ. पुढे तो डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो घ्यायला लागला आणि माणसं हसायला लागली. आता तर हसल्याशिवाय कोणी फोटोच काढू देत नाही."

"म्हणून तुम्ही हिलाही हसवलंत. आजची पद्धत म्हणून."

"असं नाही हो..."

"असंच आहे!" तपासनिसांचा आवाज चढला. "सगळ्यांचं एकच चाललंय. ती गेली तेव्हापासून बघतोय मी. जो येतो तो म्हणतो, हसतमुख बाई होती. खालच्या मजल्यावरची मावशी तेच. दूधवाला तेच. ज्या दवाखान्यात ती फक्त इंजेक्शनं घ्यायला जायची, तिथली नर्सबाई, तीसुद्धा डोळे पुसत म्हणते, काय हसायच्या हो त्या! मेलेल्या बाईला म्हणायचं म्हणून म्हणतात. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. संसार मी केलाय तिच्याबरोबर. ती हसतमुख नव्हती. गंभीर होती, नेकीची होती, घड्याळासारखी होती. ते कोणी बोलत नाही. सगळ्यांना दात हवेत."

बोलता बोलता त्यांना धाप लागली. घरात मुलगा त्यांना असं बोलू देत नसे, "बाबा, बीपी" म्हणून थांबवत असे. इथे कोणी थांबवलं नाही, म्हणून सगळं बोलून झालं.

"आणि दात तरी नीट काढायचे," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "हा सुळा वाकडा काढलाय तुम्ही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काका, यांचा सुळा वाकडा नव्हता?"

तपासनिसांनी चित्राकडे पुन्हा बघितलं. सुळा वाकडा होता. डावीकडचा. पण पासाच्या फोटोत तो दिसत नव्हता.

चित्रकार बाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेची चप्पल काढून झाली होती आणि आता दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"बाबा, मी दिला यांना दुसरा फोटो," ती म्हणाली. "रागावू नका. या म्हणाल्या, पासाच्या फोटोत माणूस सापडत नाही. मग मी माझ्या फोनमधला पाठवला."

"मला न विचारता."

"हो."

"आण इकडे."

तिने फोन दिला. तपासनिसांनी तो पास धरत तसा धरला, आधी हातभर लांब, मग चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ. स्वयंपाकघर त्यांचंच होतं. मागे डब्यांची फळी, खिडकी. पुढे स्टुलावर एक बाई बसली होती आणि तिचं तोंड आ वासलेलं होतं. डोळे इतके बारीक झाले होते की पापण्यांच्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. एका हाताने तिने ओट्याची कड धरली होती, नाहीतर पडली असती.

त्यांनी कान बघितला. हनुवटी बघितली. जबड्याखालचा तीळ बघितला. ते बराच वेळ बघत राहिले. बसमध्ये एवढा वेळ त्यांना कधी लागला नव्हता.

"हीच आहे," शेवटी ते म्हणाले.

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

"कधीचा हा?"

"आजारी पडायच्या आधीचा."

"मी कुठे होतो?"

"तुम्ही बाहेर गेला होतात. दुपारी जाता ना, वाचनालयात."

"अशी... नेहमी हसायची ती?"

"नेहमी नाही," सून म्हणाली, आणि मग तिला खोटं बोलवेना. "तुम्ही जिना उतरलात की."

तपासनिसांना स्वतःचं घर आठवलं. वाचनालयातून परत आलं की आत दोघी बायका असायच्या. एक भाजी निवडत असायची, दुसरी ओटा पुसत असायची. दोघींचे चेहरे लाल. ते विचारायचे, काय झालं? ती म्हणायची, कुठे काय, काही नाही. शांत घर, असं त्यांनी चार लोकांना अभिमानाने सांगितलं होतं.

"कशावर हसत होती?"

सुनेने चित्रकार बाईंकडे पाहिलं. बाई एकदम ब्रश धुवायला लागल्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत, फक्त घरधन्याला पत्ता नाही, अशी गत.

"मी विचारतोय काहीतरी."

"तुमची नक्कल करायच्या आई."

"माझी?"

"हो."

"माझी चेष्टा? माझ्याच घरात? माझ्यामागे?" त्यांचे कान तापले. "कोणापुढे?"

"माझ्यापुढे. कधी खालच्या मावशी असायच्या. एकदा दूधवाला पैसे मागायला आला होता, तो दारातच बसला हसून हसून. दवाखान्यात इंजेक्शनला रांग असायची, तिथेही..." सुनेने जीभ चावली.

तपासनिसांनी फोन तिला परत दिला. मावशी, दूधवाला, नर्सबाई. एवढी माणसं आणि सगळ्यांकडे तिकीट. विनातिकीट ते एकटेच.

"करून दाखव," ते म्हणाले.

"बाबा, सोडा ना. मला नाही जमत त्यांच्यासारखं."

"जमेल तसं कर. मला बघायचंय, असं काय आहे माझ्यात हसण्यासारखं."

सून क्षणभर उभी राहिली. मग काय वाटलं कोण जाणे, खोलीबाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. दार पुन्हा उघडलं तेव्हा आत आली ती वेगळीच. खांदे वर, मान पुढे, पावलं फेंगडी, धावत्या बसमध्ये तोल सांभाळावा तशी. तिने हवेतला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. नाकाने दोनदा हुंगलं. टेबलावरच्या डबीचं झाकण उचललं, आत बघितलं, ठेवलं. दिव्याच्या बटणापाशी थांबली.

"हा दिवा कोणासाठी चालू आहे? आत कोण बसलंय? पास आहे का त्याच्याकडे?"

ब्रश धुणाऱ्या बाईंच्या खांद्यांना एक हिसका बसला.

"पातेल्यावर झाकण का नाही? चला, उतरा खाली!" सून तिथे नसलेल्या पातेल्याला दरडावत होती. मग ती दाराकडे गेली, जायला निघाल्यासारखी. उंबऱ्यावर थबकली. पाठ तशीच ठेवून, जणू भिंतीशी बोलतेय अशा पडेल आवाजात, तोंडातल्या तोंडात पुटपुटली,

"तू जेवलीस का गं?"

आणि कोणी उत्तर द्यायच्या आत लगालगा बाहेर पळाली.

दार लागलं. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता आणि रस्त्यावरून एक गाडी गेली. सून आत आली ती आपल्या नेहमीच्या चालीने.

"इथे हसायच्या त्या," ती म्हणाली. "आधीचं सगळं करताना चेहरा अगदी गंभीर. या शेवटच्या वाक्याला मात्र त्यांना आवरायचं नाही. फोटो तेव्हाचाच."

"मी असा चालत नाही," तपासनीस म्हणाले.

चित्रकार बाईंना राहवलं नाही. त्या हसल्या, मोठ्याने, आणि मग ओशाळून हात पुसत पुढे आल्या. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून तयार होती.

"तर काका, काय करू? तोंड पुसून पासावरचं काढू ना?"

तपासनिसांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढली, दाराच्या बरोबर समोर आणली आणि तिच्यावर बसले.

"मध्ये बोलू नका हो," ते बाईंना म्हणाले. मग सुनेला म्हणाले, "पुन्हा कर. दारातून ये. आणि शेवटी अशी पळू नकोस, मी एवढ्या घाईने जात नाही."