मरिया मोठी होईना

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खाट आहे. खाट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जी उभी राहील ती मी नव्हे. माझ्यावर मोठ्या माणसाला पाय पसरता येणार नाहीत. मला चारही बाजूंनी उभ्या गजांचा कठडा आहे, म्हणून केडगावच्या या घरात मला खाट असे कुणी म्हणतच नाही. सगळे मला ‘कठडा’ म्हणतात. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. पण या वर्षी माझ्यासमोर एक कोडे पडले. ते घरातल्या सगळ्यांच्या आधी मला उलगडले, आणि मला ते कुणालाच सांगता येत नव्हते. तेवढे तरी तुम्हाला सांगावे असे वाटते.

मी मुळात कडुनिंब. घरामागे उभी होते, एका वादळात आडवी झाले. त्याच वर्षी इमॅन्युएल मास्तरांच्या घरी पहिले बाळ यायचे होते. मास्तरांनी गहिनीनाथ सुताराला बोलावले. गजांमध्ये अंतर किती ठेवायचे, हे गहिनीनाथने पट्टीने ठरवले नाही. त्याने हाताची बोटे पुढे केली आणि म्हणाला, “मास्तर, तीन बोटं जात्याल, चौथं जायाचं न्हाई. चौथं गेलं की समजा पोराचं डोकं अडाकलं.” मी तयार झाले आणि महिन्याभरात माझ्यात सुनील झोपू लागला. दात येताना त्याने माझी वरची पट्टी कुरतडली. त्या खुणा अजून आहेत. त्याच्या मागून मोनिका आली. रविवारी चर्चमधून परतताना बायका मला बघायला थांबत, हात फिरवत, असा कठडा आपल्यालाही हवा म्हणत. ते ऐकून मला फार बरे वाटे. खोटे कशाला बोलू?

नंतर मुले मोठी झाली. मी कर्जतच्या एका नातेवाइकांकडे दोन वर्षे राहिले आणि एक पाय खिळखिळा होऊन टेम्पोतून परत आले. मग गच्चीवरची खोली. तिथे माझ्यावर कांदे पसरत. वीसेक वर्षे मी कांदे सांभाळले. कांदे रडत नाहीत, हसत नाहीत, कूसही बदलत नाहीत. मी विसरूनच गेले होते की आपण कशासाठी आहोत.

तीन वर्षांपूर्वी सुनीलने मला खाली आणले. पाय ठोकून घट्ट केला, पॉलिश केले. त्याला आणि जेनिफरला मुलगी झाली होती. तिचे नाव पणजीवरून मरिया ठेवले. ही पणजी म्हणजे इमॅन्युएल मास्तरांची आई. एका घरात दोन मरिया झाल्या. हाक मारली की दोघी बघायच्या, म्हणून घरच्यांनी सोय केली. म्हातारी ती मोठी मरिया आणि बाळ ती धाकटी मरिया.

मोठ्या मरियाचा पलंग माझ्या शेजारीच होता. दुपारी ती पडल्यापडल्या गजांतून बोटे आत सरकवायची. धाकटी ती बोटे धरून झोपायची. त्या दोघींमध्ये कोण आधी झोपते, हे मला कधीच नक्की कळले नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मोठी मरिया त्या पलंगावरून उठली नाही. घरात माणसे आली, गाणी झाली, प्रार्थना झाली. धाकटीला सांगितले की मोठी मरिया प्रभूच्या घरी गेली. तिने पलंगाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. काहीच विचारले नाही. एवढी बडबडी मुलगी गप्प का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

पुढे जेनिफरला पुन्हा दिवस गेले. धाकटी तोवर माझ्या कठड्यावर पाय टाकून चढू लागली होती. एकदा पलीकडे पडली, ओठ फुटला. डॉक्टरांनी जेनिफरला वजन उचलू नको म्हणून सांगितले होते, आणि तीन वर्षांचे पोर कठड्यातून उचलायचे तर वाकावे लागणारच. तेव्हा ठरले की मला नव्या बाळासाठी ठेवायचे आणि धाकटीने आता मोठ्या मरियाच्या पलंगावर झोपायचे. पलंग रिकामाच होता. पोपटांची चादर आणली, कडेला उशा लावल्या. सगळे कौतुकाने म्हणाले, आता मरिया मोठी झाली!

धाकटी पलंगावर बसली. मग हळूच उतरली, फरशीवर आडवी झाली आणि माझा पाय धरून झोपली.

दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानंतरही तेच. सुनील म्हणाला, तिला पडायची भीती वाटते. त्याने पलंग भिंतीला लावला. जेनिफरला वाटे, नव्या बाळासाठी आपल्याला हाकलले असे तिने मनात घेतले आहे. ती बिचारी एकटी असली की डोळे पुसायची. मोनिकाने फोनवर भलतेच सांगितले. “वहिनी, ती दादावर गेलीय. हा चार वर्षांचा होईस्तोवर कठड्यात अंग कोंबून झोपायचा, पाय बाहेर काढून. तुमच्या नवऱ्याला कुणी हाकललं होतं का?” सुनील हसला. जेनिफर हसली नाही, कारण एव्हाना धाकटीने खाणे सोडले होते.

हे मला फार चमत्कारिक वाटले. पलंगाची भीती समजू शकते, पण भाकरीची कसली भीती? दूधभाकरी कुस्करून जेनिफर म्हणायची, खा गं बाई, खाल्लं की मोठी होशील. हे ऐकले की धाकटी ताटली सरकवायची. एरवी कुणी काही न बोलता बिस्कीट हातात दिले, तर खायची. मग एक दिवस तिने गेल्या वर्षीचा फ्रॉक काढला आणि तोच घालायचा म्हणून हट्ट धरला. बाह्या दंडात रुतत होत्या, तरी काढू देईना. अंगणवाडीत वजन केले तर पाऊण किलोने घटलेले. ताईंनी जेनिफरला पुन्हा पुन्हा विचारले की घरात काही घडले का. काय सांगणार? घरात सगळे हिच्याच कौतुकात होते.

मी एकेक गोष्ट मनात लावून बघत होते. पलंग, दूधभाकरी, फ्रॉक. लाकडाची बुद्धी ती केवढी, जुळेना.

एका दुपारी घरात सामसूम असताना धाकटी माझ्याजवळ आली. गजांमध्ये तोंड खुपसून कुजबुजली, “मी धाकटीच हाय. मला मोठी मरिया न्हाई व्हायचं.”

मित्रांनो, तेव्हा माझ्या लक्षात आले. घरचे म्हणत होते, मरिया मोठी झाली. तिला ऐकू येत होते, मोठी मरिया झाली. आणि मोठी मरिया काय करते? त्या पलंगावर झोपते आणि प्रभूच्या घरी जाते, परत येत नाही. म्हणजे ही एवढीशी पोर मरणाला घाबरून उपाशी राहत होती, आणि आम्ही सगळे तिला दिवसातून दहा वेळा कौतुकाने तीच भीती घालत होतो. मी कळवळले, सांध्यात करकरले. जेनिफर आतून म्हणाली, या कठड्याला खोबरेल लावायला पाहिजे.

त्या रविवारी चर्चहून आल्यावर इमॅन्युएल मास्तरांनी नातीला दाराच्या चौकटीपाशी उभे केले. तिथे पेन्सिलीने तिच्या उंचीच्या रेघा मारलेल्या होत्या. पेन्सिल डोक्यावर टेकवली तर रेघ जुन्या रेघेच्याही खाली येत होती. मास्तरांनी वाकून पाहिले. धाकटीने गुडघे वाकवले होते. दुसऱ्या कुणी तिला रागावून सरळ केले असते. मास्तर स्वतःच फरशीवर बसले.

“सरळ उभं राहिलं की काय होतं गं?” त्यांनी विचारले.

“मोठी होते.”

“आणि मग?”

“मोठी मरिया पलंगावरून प्रभूच्या घरी ग्येली,” ती म्हणाली. “मला न्हाई जायचं.”

स्वयंपाकघराच्या दारात जेनिफर उभी होती. तिने तोंडावर पदर धरला. मला वाटले आता सांगतील की असे काही नसते. पण शहाण्या माणसाने असे सांगितले की मूल मान हलवते आणि मनातले मनातच ठेवते, हे त्यांना ठाऊक असावे.

“मी केवढा आहे?” त्यांनी विचारले.

“लई मोठ्ठा.”

“मग मी कुठं आहे?”

धाकटीने त्यांच्याकडे निरखून पाहिले. तिला कोडे पडले होते. “हितं,” ती म्हणाली.

मास्तर उठले आणि त्या पलंगापाशी गेले. आईच्या मृत्यूनंतर ते एकदाही त्या पलंगावर टेकले नव्हते, हे मी रोज बघत होते. पेपर वाचायलासुद्धा ते खुर्ची ओढून घ्यायचे. आता त्यांनी काठावर हात ठेवला, थोडा वेळ तसेच थांबले आणि मग पोपटांच्या चादरीवर पाय दुमडून आडवे झाले. म्हणाले, “तू पहारा कर. मी उठतो का नाही, बघ.”

धाकटी माझ्या कठड्याला पाठ लावून पहाऱ्याला बसली. आधी मास्तर झोपेचे सोंग करत होते. मग खरेच घोरू लागले. मध्येच घोरणे थांबले, तेव्हा ती उठली आणि तिने त्यांच्या नाकापुढे बोट धरले. श्वास लागला असावा, कारण ती परत येऊन बसली. तासाभराने मास्तर उठले. त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज हसरा होता. “आहे का मी?”

“हाय,” धाकटी म्हणाली, आणि तिने भाकरी मागितली.

असा पहारा आठ दुपारी चालला. मधल्या काळात घरच्यांनी एक शब्द जिभेवरून उतरवला. मरिया मोठी झाली, असे कुणी म्हणेना. मोठे होणे म्हणजे निघून जाणे नव्हे, हे तिला आपोआप कळू दिले. नवव्या दुपारी ती स्वतःच पलंगावर चढली आणि आजोबांना म्हणाली की आज पहारा तुम्ही करा. चारच्या सुमारास तिला जाग आली. तिने आधी स्वतःच्या नाकापुढे बोट धरले. मग मोठ्याने सांगितले, “आजोबा, मी पण हाय.”

आता मी रिकामी आहे. नव्या बाळाला अजून महिना आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही जुने असेल तर त्याचे सांधे अधूनमधून बघत जा, पाय ढिला झाला तर वेळीच ठोकून घ्या; आमची फार मोठी अपेक्षा नसते. आणि घरातले एखादे लहान मूल जेवेना, झोपेना, उगाच वाकून उभे राहू लागले, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याच्या शेजारी जमिनीवर बसा आणि विचारा. मला विचारता येत नाही. तुम्हाला येते.