ग्रंथालयातली बोहनी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या संशोधनाचं प्रदर्शन भरलं, त्या दिवशी भीमपूरचे अमृतराव इस्त्रीचा सदरा घालून नातीच्या टेबलामागे जाऊन बसले.

"आबा, पाहुण्यांच्या खुर्च्या तिकडं समोर हायेत," तेजस्विनी म्हणाली. पण अमृतरावांचा जन्म आठवडी बाजारात भाजीच्या ढिगामागे बसण्यात गेलेला. समोर बसायचं त्यांना सुधरेना.

तेजस्विनीचा विषयही बाजाराचाच होता. भाजीवाल्या बाया तेलुगू, हिंदी आणि मराठीत भाव कसा करतात, कोणत्या गिऱ्हाइकाशी कोणती भाषा धरतात. तिने बाजारात फिरून पुष्कळ बोलणी रेकॉर्ड करून आणली होती. त्यात सगळ्यात जास्त आवाज तिच्या आजीचा, सोजरबाईचा. सोजरबाई मागच्या हिवाळ्यात वारल्या. त्यांचा आवाज आता तेवढाच उरला होता.

निवडलेलं काम ग्रंथालय कायमचं जपून ठेवणार आणि कोणालाही येऊन ऐकता येणार, अशी बातमी फळ्यावर लागली होती. अमृतरावांनी ती तिघांकडून वाचून घेतली होती. आपल्या बायकोचा आवाज इथे राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

दुपार झाली तरी टेबलाशी कोणी फिरकलं नाही. गर्दी सगळी मोठ्या पडद्यांपुढे. शेवटी हैदराबादहून आलेल्या परीक्षक बाई आल्या, वरवर पाहिलं आणि "बाद में आती हूँ" म्हणून वळल्या.

अमृतराव ताडकन उठले.

"ओ बाई! बोहनी का टाइम है, ऐसा कैसे जाते?"

पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली केले. तेजस्विनीने तोंडावर ओढणी घेतली.

"आबा, हे लायब्ररी हाय!"

"असू दे. पयलं गिऱ्हाईक हाय. खाली हातानं जाऊ द्यावं का?"

ग्रंथपाल शरदचंद्र ओठांवर बोट ठेवून धावत आले. "अमृतराव, हळू बोला, हळू!"

"हळू बोलून वांगे इकल्या जातात का सर?"

परीक्षक बाई हसू दाबत परत फिरल्या. "अच्छा, क्या बेचते हो?"

"आवाज," अमृतराव म्हणाले, आणि बाईंना कानाला लावायचं यंत्र द्यायला गेले. घाईत त्याची वायरच लॅपटॉपमधून निघून हातात आली, आणि सोजरबाई साऱ्या ग्रंथालयाला ऐकू यायला लागल्या.

"रा अक्का रा, ताजी वंकाया!" आधी तेलुगूत ताज्या वांग्यांची हाक, मग एका हिंदी गिऱ्हाइकाशी घासाघीस. तेवढ्यात एक पुरुषी आवाज मध्येच म्हणाला, "दे की एक जुडी वरून."

"तुमी चूप बसा! काऊन मधात तोंड घालून राह्यले? गिऱ्हाईक माहं हाय!"

अख्खं दालन हसायला लागलं. शरदचंद्रांचं बोट ओठांवरच राहिलं, पण खांदे हलत होते.

"ये बीच में कौन बोला?" बाईंनी विचारलं.

"मैंच."

"और डाँटने वाली?"

"मेरी घरवाली है."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "सुनाओ, पूरा सुनाओ."

मग तेजस्विनीला कंठ फुटला. भाव करताना आजी गिऱ्हाइकाची भाषा बोलायची, पण रागावायची मात्र घरच्याच बोलीत, हे तिने एकेक संवाद ऐकवून दाखवलं. बाई विचारत राहिल्या, गर्दी जमत राहिली. संध्याकाळी निवडलेल्यांत तेजस्विनीचं नाव पुकारलं, तेव्हा अमृतरावांनी शरदचंद्रांनाच मिठी मारली.

पुढच्या आठवड्यात ते बसने पुन्हा आले, सोजरबाईला ऐकायला. ऐकण्याच्या खुर्चीवर एक अनोळखी मुलगी बसली होती आणि एकटीच खुदुखुदु हसत होती. तिच्यामागे दोघं थांबलेले.

"उठवू का तिला?" शरदचंद्रांनी हळूच विचारलं.

"नका उठवू. ऐकू द्या पोरीले," अमृतराव म्हणाले, आणि खुशाल त्या दोघांच्या मागे जाऊन उभे राहिले.