उलटा घडा

इकडे उत्तरेत, आमच्या अलीगंजच्या गल्लीत नळाला पाणी चढत नसे. तक्रारी करून जीव विटला, म्हणून पंच्याण्णव साली वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा मी अपक्ष उभी राहिले. मला बोअरवेल हवी होती, बाकी खुर्चीबिर्ची कुणाला हवी होती!

निशाणी मिळाली घडा. आमचे हे, पंढरीनाथ, संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. मूळचे साताऱ्याचे, आणि साताऱ्याचा माणूस कुठेही गेला तरी सातारा बरोबर घेऊन जातो. पोस्टरचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मला न दाखवता अमीनाबादच्या बाजारातून छापून आणलं आणि रातोरात भिंतींवर लावूनही टाकलं.

सकाळी पाहिलं तर काठीवर जरीचं वस्त्र, कडुलिंबाची डहाळी, आणि वर माझा घडा पालथा घातलेला. साक्षात गुढी! "विजयाचं चिन्ह आहे, देवयानी," हे अभिमानाने म्हणाले. खरं सांगते, मलाही क्षणभर भरून आलं.

तेवढ्यात शेजारच्या सरोज भाभी आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "बहनजी, घड़ा उल्टा क्यों? उल्टा तो खाली घड़ा रखते हैं।"

दुपारपर्यंत समोरच्या उमेदवाराची माणसं रिक्षातून ओरडत फिरू लागली की जिचा स्वतःचाच घडा रिकामा, ती तुमचा काय भरणार. माझा संताप संताप झाला. ह्यांनी गुढीची माहिती देणारं पत्रक काढायचं ठरवलं. मी म्हटलं, तहानलेल्या माणसाला सण समजावू नका. नवी पोस्टरं छापायला वेळ नव्हता. बोअरवेल हातची गेली असंच वाटलं, आणि हे बिचारे न जेवता बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तणतणतच प्रचाराला निघाले. ज्या अंगणात जाई तिथे ओट्यावर घडे पालथे. पाणीच नाही तर सुलटे ठेवून करायचे काय? एका घराच्या भिंतीवर आमचं पोस्टर होतं आणि खाली अगदी तसाच घडा. मी थबकले. आमच्या ह्यांनी नकळत अख्ख्या गल्लीचं चित्र काढून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी भाषण सोडलं. अंगणातल्या घड्यावर हात ठेवून एवढंच म्हणायची, "उल्टा आपके आँगन में है, सीधा मतपत्र पर मिलेगा। मुहर वहीं लगाइए।"

बायका हसायच्या, आणि हसता हसता मान डोलवायच्या. मी निवडून आले. हे मात्र अजून सगळ्यांना सांगतात की गुढीनेच जिंकून दिलं. मी वाद घालत नाही, अर्धं खरंच आहे ते.

पाडव्याच्या आधी बोअरवेलला पाणी लागलं. सणाच्या सकाळी ह्यांनी गच्चीवर गुढी उभारली. सरोज भाभी जिना चढून आल्या आणि वर बघत राहिल्या.

"अब तो पानी आता है, फिर ये उल्टा क्यों?"

ह्यांनी समजावून सांगायला घसा खाकरला, पण त्या थांबल्याच नाहीत. घरी जाऊन काठोकाठ भरलेला घडा कमरेवर घेऊन आल्या आणि गुढीच्या पायाशी सुलटा ठेवला.

तेव्हापासून आमच्या गुढीला दोन घडे लागतात. खालचा सरोज भाभी आणतात.