ढावलोच्या सातव्या मिनिटाला

संगीताताई माझ्या मागे खुर्ची ओढून बसल्या, पडद्यावर ढावलो सुरू झाला, सातवं मिनिट आलं आणि

सॉफ्टवेअर बंद.

पुन्हा. पुसदमधलं माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान, दुपार. ताईंच्या लग्नाचं जुनं शूटिंग, त्यांच्या भावाने, प्रेमने, हँडीकॅमवर केलेलं; मला ते सलग जोडून पेनड्राइव्हवर द्यायचं होतं. बंजारा तांड्यावर नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात रडते, तो ढावलो. ताईंना शब्द येत नव्हते; आई, हंसाबाई, मागून सांगत होती. हंसाबाई दिवाळीत गेल्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. सातवं मिनिट, आणि

बंद.

"रोज इथंच काहून बंद पडते, रोशनभाऊ?"

"फाइलमध्ये गडबड आहे, ताई."

"का तुमच्यात?"

तीन दिवस हेच. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, फाइली दुसऱ्या डिस्कवर घेतल्या. ताई पडद्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहत. पलीकडच्या तांड्यावरच्या एका म्हातारीचा ढावलो कोणीतरी ढोलकी लावून यूट्यूबवर टाकला होता.

"लोकं हसून राह्यले तिच्या रडण्यावर," ताई म्हणाल्या. "माह्या याडीचं, माह्या मायचं तसं झालं, त याद राखा."

माझा संशय प्रेमवर होता. फाइलींना कॅमेऱ्याचे नंबरच नव्हते, नावं होती. काका. आत्या. बापू. बैल. कापाकापी याचीच. मी फोन स्पीकरवर लावला.

"कापू कायले?" प्रेम म्हणाला. "ताई कोणाच्या गळ्यात पडून रडली, त्याचं नाव देल्लं. सापडाले सोपं."

"बैलाच्याही गळ्यात पडल्या का?"

"तुले नाही समजत, भाऊ. ठेव फोन."

पण नावं त्यानेच बदलली, एवढ्यावरूनच मला समजलं. कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो आणि त्यांना ओळीने नंबर देतो. एक तुकडा संपला की सॉफ्टवेअर पुढचा नंबर शोधतं. नंबर नाही, काका आहेत. तिथेच मान टाकतं.

नंबर परत द्यायचे, पण कोणाला कोणता? अंदाजाने बैल आधी लावला. तांड्याची दृश्यं असतील, सुरुवातीची.

बंद.

"बैल शेवटी," मागून आवाज. "नवरी बैलावर उभी राहून निरोप घेते. तुम्ही त मले रडायच्या आधीच पाठवून राह्यले."

"मग क्रम तुम्हीच सांगा."

क्रम सांगायचा म्हणजे अख्खा ढावलो माझ्या हातात द्यायचा.

"बापू. काका." थांबल्या. "आत्या. मंग बैल."

सातवं मिनिट आलं आणि

गेलं.

हंसाबाई ओळ सांगत होत्या, नवरी नुसती रडत होती. ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. पेनड्राइव्ह मुठीत घेतला.

"आता पुसा."

पुसलं.

"रिसायकल बिनमधून."

पुसलं.

"त्या दुसऱ्या डिस्कवरून कोण पुसन?"

तेही पुसलं.

"अन् तुम्ही ऐकलं ते?"

"मला तुमची बंजारा बोली येत नाही, ताई."

"तीन दिवस ऐकून राह्यले, अन् येत नाही?"

त्या बाहेर गेल्या, पायरीवर थांबल्या. मोबाईल तोंडाजवळ धरून ढावलोची पहिली ओळ म्हटली, तो यूट्यूबवर कोणी टाकला तर नाही ना, ते शोधायला. मोबाईलला बोली कळली नाही. त्यांनी पुन्हा म्हटली. मग आणखी मोठ्याने, अख्खी, चालीवर. समोरच्या रसवंतीवरची माणसं ग्लास हातात धरून वळली, आणि त्यांतल्या एकाने खिशातून मोबाईल काढला.